घरासाठी वीजदर निवडायचा कसा? स्लॅब, टीओडी (वेळेनुसार दर), ईव्ही मीटर आणि मुंबईतला कंपनीबदल, सगळा हिशोब

"वीजदर निवडायचा म्हणजे काय राव, बिल येतं ते भरायचं" असं बहुतेकांना वाटतं आणि ते अर्धं खरं आहे, कारण आपल्याकडे मोबाईल प्लॅनसारखे पन्नास प्लॅन नसतात, दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतं आणि कंपनी तेच लावते. पण त्या ठरलेल्या दरांमध्ये आपण कुठल्या रांगेत उभं राहायचं हे मात्र बऱ्यापैकी आपल्या हातात असतं. सिंगल फेज की थ्री फेज, गाडी घरच्या मीटरवर की वेगळ्या मीटरवर, दिवसा की रात्री, सोलर घ्यायचं का, आणि मुंबईच्या उपनगरात राहत असाल तर चक्क कंपनी कुठली. इलेक्ट्रिक गाडी नसेल तर यातल्या चुकीच्या निवडीने महिन्याला शे-दोनशेचा फरक पडतो, गाडी असेल तर आकडा हजाराच्या घरात सहज जातो.

माझं एक मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना कळेल मी कुठल्या बाजूने बोलतोय: महाराष्ट्रात वेळेपेक्षा स्लॅब (म्हणजे युनिटांचे टप्पे, वापर वाढला की दर चढतो) मोठा. रात्री चार्ज करू का दुपारी यावर लोक व्हॉट्सॅपवर तासभर वाद घालतात आणि आपण कुठल्या स्लॅबमध्ये आहोत ते बघतच नाहीत.

आधी बिल हातात घ्या, पुढची बाजू आणि मागची बाजू दोन्ही

वर्षभराची बिलं काढा. महावितरणचं ॲप किंवा वेबसाईटवर ग्राहक क्रमांक टाकला की जुनी बिलं मिळतात, बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. एका महिन्यावरून काही ठरवू नका, मे महिन्याचं बिल बघून घाबरायचं नाही आणि डिसेंबरचं बघून खूशही व्हायचं नाही. बारा महिन्यांची युनिटं कागदावर लिहा.

मग या गोष्टी शोधा. दर संकेत, म्हणजे तुम्ही कुठल्या वर्गवारीत आहात, घरगुती असेल तर तिथे एलटी वन आणि फेज लिहिलेला असतो. मंजूर भार, म्हणजे सँक्शन लोड, किती किलोवॅट आहे ते. मग पैशांच्या ओळी: स्थिर आकार (युनिट वापरा नाहीतर नका वापरू, हा लागतोच), वीज आकार (स्लॅबप्रमाणे), वहन आकार (तारांचं भाडं समजा, युनिटवर लागतो), इंधन समायोजन आकार (हा महिन्या-महिन्याला हलतो), आणि शेवटी वीज शुल्क, म्हणजे ड्यूटी, जे घरगुती ग्राहकांना १६ टक्के आहे आणि वरच्या सगळ्या बेरजेवर लागतं. लोक नुसता वीज आकार बघून "माझा दर चार-पाच रुपये आहे" म्हणतात, तो कधीच तेवढा नसतो, वहन आकार आणि ड्यूटी धरल्याशिवाय तुलना करूच नका.

आणखी एक बारीक गोष्ट, बिल किती दिवसांचं आहे ते बघा. रीडिंग उशिरा घेतलं आणि बिल छत्तीस दिवसांचं आलं तर स्लॅबची मर्यादाही त्या प्रमाणात वाढवून द्यावी लागते, ती दिली आहे का ते गुणाकार करून तपासता येतं.

स्लॅब नीट समजून घ्या, इथेच सगळा खेळ आहे

महावितरणच्या घरगुती दरात चार स्लॅब आहेत: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर. २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार धरून हे दर अनुक्रमे ५.८८, ११.४६, १५.७२ आणि १७.८१ रुपये होते. आकडे त्यानंतर बदललेत, तुमच्या ताज्या बिलावरचे घ्या, पण सांगाडा तोच आहे आणि खालची सगळी उदाहरणं मी याच आकड्यांवर केलीत म्हणजे तुम्हाला तुमचे आकडे घालून तसंच करता येईल.

यातली पहिली पायरी आणि दुसरी पायरी यातलं अंतर बघा. शंभराव्या युनिटला सहा रुपयांच्या आत आणि एकशेएकाव्याला साडेअकरा, जवळपास दुप्पट! म्हणून गाडी घेतल्यावर प्रश्न "युनिटचा दर किती" हा नसतोच, प्रश्न असतो "माझी वाढीव युनिटं कुठल्या स्लॅबमध्ये जाऊन पडणार".

आणि तो जुना गैरसमज. "३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो" हे साफ चुकीचं आहे. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. ३०० युनिटांचे २,८८० रुपये होत असतील तर ३०१ चे २,८९५ रुपये ७२ पैसे होतात (स्थिर आकार आणि ड्यूटी सोडून), म्हणजे ते एक युनिट सोळा रुपयांना पडलं, शेकडो रुपयांना नाही. महिनाअखेरीला पंखे बंद करून घामाघूम बसणाऱ्या काकांना हे कुणीतरी सांगा.

घरात दोन मीटर घेऊन स्लॅब फोडायची आयडियाही खूप जणांना सुचते. एकाच घरात एकाच कुटुंबाला तसं मिळत नाही, स्वतंत्र जागा असल्याचं दाखवावं लागतं, स्वयंपाकघर वेगळं दाखवून काहीबाही कागद जोडण्याच्या भानगडीत पडू नका.

गाडी किती युनिटं खाणार ते काढा

इथे कंपनीची रेंज घेऊ नका, स्वतःचे महिन्याचे किलोमीटर घ्या. साधारण आकाराची कार शहरात एका युनिटला सात किलोमीटरच्या आसपास जाते असं धरा, टियागो किंवा कॉमेटसारखी छोटी असेल तर त्याहून बरं, मोठी एसयूव्ही एक्सप्रेसवेवर शंभरने हाकलली तर त्याहून कमी. शिवाय भिंतीतून घेतलेली सगळी वीज बॅटरीत जात नाही, चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के उष्णता होऊन उडते आणि मीटर तिचेही पैसे मोजतो. म्हणजे महिन्याला १,००० किलोमीटर असतील तर बॅटरीतून साधारण १४३ आणि मीटरवर १६० च्या आसपास युनिटं. हा १६० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच वापरतोय.

आता तीन घरं घेऊ.

पहिलं घर: दोघंच, एसी नाही, महिन्याला ६० युनिटं, आणि ई-स्कूटर जी महिन्याला सहाशे किलोमीटर चालते. स्कूटर फार तर २५ युनिटं घेईल. एकूण ८५, अजून पहिल्याच स्लॅबमध्ये. २५ युनिटांचे १४७ रुपये, ड्यूटी धरून १७० च्या आसपास. या घराने हा लेख इथेच सोडला तरी चालेल, खरंच, काहीही बदलायची गरज नाही.

दुसरं घर: चौघं, १५० युनिटं, आणि कार. १५० चे ३१० होतात. वाढीव १६० युनिटांचे १,८७६ रुपये, म्हणजे युनिटला सरासरी ११.७३, ड्यूटीसकट साडेतेरा. किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या आत. पेट्रोल शंभरच्या वर असताना पंधराचं ॲव्हरेज देणारी गाडी किलोमीटरला जवळपास सात रुपये घेते, तेव्हा तरीही स्वस्तच, पण "एक रुपयात किलोमीटर" वगैरे शोरूममध्ये सांगतात ते या घराला लागू नाही.

तिसरं घर: दोन एसी, गीझर, ३५० युनिटं आधीच. त्यात १६० घातले की ५१०. वाढीव युनिटं जवळजवळ सगळी तिसऱ्या स्लॅबमध्ये आणि शेवटची दहा चौथ्यात, २,५३६ रुपये, म्हणजे युनिटला १५.८५, ड्यूटी धरून १८ च्या वर. हे मात्र दुखतं. गाडी तीच, किलोमीटर तेच, पण पहिल्या घराच्या स्कूटरला जी वीज पावणेसातला मिळते तीच या कारला अठरा रुपयांना.

मग वेगळं ईव्ही मीटर घ्यायचं का?

ईव्ही चार्जिंगसाठी आयोगाने वेगळी वर्गवारी केलेली आहे. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो, त्याला कुणाची परवानगी नको, गुन्हा नाही, दंड नाही. पण वेगळी जोडणी मागितली तर ती ईव्हीच्या वर्गवारीत येते आणि तिथे स्लॅब नाहीत. पहिलं युनिट आणि पाचशेवं युनिट एकाच दराने. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्यात ग्राहकाने मागितल्यास ईव्हीसाठी स्वतंत्र जोडणी द्यायची असं स्पष्ट आलंय, आणि नवीन जोडणीची मुदतही कमी केलीय: महानगरांत ३ दिवस, इतर महापालिका-नगरपालिका क्षेत्रांत ७, ग्रामीण भागात १५, डोंगराळ ग्रामीण भागात ३०. प्रत्यक्षात अर्ज परिपूर्ण नसतो म्हणून ते लांबतं, त्यामुळे कागद एकदाच नीट द्या.

आता लगेच उड्या मारू नका. स्लॅब नसले तरी ईव्ही जोडणीला स्थिर आकार हा लोडप्रमाणे लागतो, घरासारखा एकच ठोक आकडा नाही. आणि इथेच लोक फसतात, कारण डीलर ७.२ किलोवॅटचा वॉल चार्जर गळ्यात मारतो आणि त्या आकाराचा लोड घेतला की महिन्याचा स्थिर आकार दुप्पट.

समजा (हे आकडे निव्वळ उदाहरणासाठी, तुमच्या कंपनीचं चालू दरपत्रक उघडून तिथले घाला) ईव्हीचा दर वहन आकारासकट ८ रुपये आणि स्थिर आकार लोडच्या प्रत्येक किलोवॅटला महिन्याला ८० रुपये. दुसऱ्या घराला युनिटमागे ३.७३ वाचले, १६० युनिटांवर ५९७ रुपये. ४ चा लोड घेतला तर स्थिर आकार ३२०, हातात राहिले २७७. ८ चा लोड घेतला तर स्थिर आकार ६४०, म्हणजे वाचणं सोडा, उलट ४३ रुपये खिशातून गेले! तिसऱ्या घराला मात्र युनिटमागे ७.८५ वाचतात, १,२५६ रुपये, ४ च्या लोडवर ९३६ आणि ८ च्या लोडवरही ६१६ उरतात.

म्हणजे सूत्र एवढंच: (घरच्या मीटरवर वाढीव युनिटांचा सरासरी दर वजा ईव्ही दर) गुणिले युनिटं, त्यातून ईव्ही जोडणीचा स्थिर आकार वजा. उरलेल्या रकमेने एकदाचा खर्च भागा. त्या खर्चात मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतची केबल, एमसीबी, पेटी, अनामत रक्कम, इलेक्ट्रिशियन सगळं येतं. समजा २५,००० झाला, तर तिसऱ्या घराचे पैसे सव्वादोन वर्षांत वसूल, दुसऱ्या घराला साडेसात वर्षं, तोपर्यंत गाडीच बदललेली असेल. माझा ढोबळ अंदाज असा की गाडीची युनिटं बहुतेक ३०० च्या वरच्या स्लॅबमध्ये पडत असतील तर वेगळं मीटर गंभीरपणे घ्या, १०१ ते ३०० मध्येच पडत असतील तर हिशोब करून बघा पण घाई नको.

चार्जर किती मोठा हवा? बहुतेकांना छोटा पुरतो

गाडीबरोबर येणारा १५ अँपियरच्या सॉकेटवरचा चार्जर साधारण ३.३ किलोवॅटपर्यंत घेतो. रात्री आठ तास लावला की २६ युनिटं, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या वर रेंज. रोज दीडशे किलोमीटर कोण चालवतं? टॅक्सीवाले सोडले तर कुणी नाही. ७.२ चा चार्जर छान वाटतो, वेळ अर्धा होतो, पण त्यापायी मंजूर भार वाढवायला लागतो आणि घरात एसी-गीझर असतील तर थ्री फेजचा सल्ला मिळतो. २०२४-२५ मध्ये सिंगल फेजचा स्थिर आकार महिन्याला १२८ होता आणि थ्री फेजचा ४२४, म्हणजे २९६ रुपये दरमहा नुसते "मला गाडी तीन तास लवकर भरायची होती" याचे. ज्यांच्याकडे दोन ईव्ही आहेत किंवा बंगल्यात लिफ्ट-पंप आहे त्यांचं वेगळं.

छोट्या सॉकेटवरही वायरिंगमध्ये कंजूषी नको हं. बोर्डापासून स्वतंत्र लाईन, निदान ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतःची एमसीबी, ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग खरोखर तपासलेलं. जुन्या वाड्यांत आणि ऐंशीच्या दशकातल्या बिल्डिंगांत अर्थिंगची पिन असते पण मागे काही जोडलेलं नसतं, गाडी चार्जच व्हायला नकार देते आणि लोक सर्व्हिस सेंटरला शिव्या घालतात. एक्स्टेंशन बोर्डावर कार चार्ज करणं म्हणजे आठ तास सलग इस्त्री चालू ठेवण्यापेक्षा वाईट, ते कदापि नको.

टीओडी: दिवसा स्वस्त, आणि जुना सल्ला विसरा

लंडनला असलेला भाचा सांगतो "रात्री चार्ज करा, रात्री वीज स्वस्त". त्याच्याकडे ते खरं आहे, ब्रिटनमध्ये रात्रीच्या स्वस्त तासांचे टॅरिफ कित्येक वर्षांपासून आहेत आणि ईव्हीवाल्यांसाठी खास वेगळे. आपल्याकडेही उद्योगांना पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा सवलत असायची. पण आता दिवसा सोलरची वीज इतकी येते की उलटं झालंय. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत असं ठरलं की स्मार्ट मीटर बसलेल्या ग्राहकांना, शेतीपंप सोडून, १ एप्रिल २०२५ पासून वेळेनुसार दर लावायचा आणि सूर्यप्रकाशाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा कमी ठेवायचा. त्याच धर्तीवर महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर केली.

आता हिशोब बघा म्हणजे मी सुरुवातीला स्लॅब मोठा का म्हटलं ते कळेल. गाडीची सगळी १६० युनिटं दिवसा भरली तरी ८० पैशांनी १२८ रुपये. सगळी दिवसा भरता येणारच नाहीत कारण गाडी त्यावेळी हिंजवडीला किंवा बीकेसीला उभी असते. शनिवार-रविवारी लावून अर्धी भरली तर ६४ रुपये. वाईट नाही, फुकटचे आहेत, घ्यावेत, वर्क फ्रॉम होमवाल्यांनी आणि निवृत्त मंडळींनी तर नक्कीच घ्यावेत, वॉशिंग मशीन आणि पाण्याची मोटरही दुपारी लावावी. पण त्यासाठी जेवण सोडून पार्किंगमध्ये पळू नका.

ईव्हीच्या वर्गवारीत मात्र वेळेचा परिणाम दोन्ही बाजूंनी असू शकतो, म्हणजे दिवसा सवलत आणि संध्याकाळी जादा आकार. वेगळं मीटर घेतलं असेल तर दरपत्रकातला टीओडीचा तक्ता उघडून बघा आणि ऑफिसातून आल्या आल्या सात वाजता प्लग लावायची सवय मोडा. बहुतेक गाड्यांत शेड्यूल चार्जिंग असतं, मध्यरात्रीनंतरची वेळ लावून ठेवा, संपला विषय.

स्मार्ट मीटरबद्दल लोकांच्या मनात राग आहे, "जास्त पळतो" वगैरे. घरगुती ग्राहकांना हे मीटर पोस्टपेडच आहेत, महिन्याला नेहमीसारखं बिल येतं, आणि महावितरण त्यांना टीओडी मीटर म्हणतं. शंका असेल तर तक्रार करा: २०२४ च्या त्याच दुरुस्तीप्रमाणे रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली की कंपनीने ५ दिवसांत जोडीला दुसरा मीटर लावून तपासायचं आहे. मला स्वतःला या मीटरचा सगळ्यात मोठा फायदा सवलतीपेक्षा वेगळा वाटतो, तो म्हणजे ॲपवर रोजचा वापर दिसतो, आणि गाडी खरी किती खाते ते अंदाजाशिवाय कळतं.

मुंबईकरांसाठी: कंपनी बदलायची का

हा भाग पुणे-नाशिक-नागपूरवाल्यांनी सोडून द्या. मुंबईत चार कंपन्या आहेत. शहर भागात बेस्ट, भांडुप-मुलुंडला महावितरण, आणि बाकी उपनगरांत अदानी आणि टाटा पॉवर एकाच भागात. सुप्रीम कोर्टाने जुलै २००८ मध्ये टाटांना थेट घरगुती ग्राहकांना वीज विकता येईल असं सांगितलं आणि २००९ मध्ये आयोगाने दुसऱ्याच्या तारांवरून वीज द्यायची सोय करून दिली, तेव्हापासून उपनगरात खरीखुरी निवड आहे. अदानींचं जाळं म्हणजे आधीचं रिलायन्सचं, २०१८ मध्ये हातबदल झाला.

बदलाचे दोन प्रकार आहेत. एकात तारा जुन्याच कंपनीच्या राहतात आणि वीज विकणारी कंपनी बदलते, याला चेंजओव्हर म्हणतात. दुसऱ्यात नवी कंपनी स्वतःची केबल टाकते, ते स्विचओव्हर. सर्वसामान्य माणसाला सहसा पहिला लागू होतो. आणि त्यात वहन आकार ज्याच्या तारा त्याचाच लागतो, हे न कळल्यामुळे लोक टाटांचा वीज आकार आणि टाटांचाच वहन आकार धरून तुलना करतात आणि मग पहिलं बिल बघून चक्रावतात. त्याशिवाय क्रॉस सबसिडी सरचार्ज (ग्राहक सोडून गेल्याची जुन्या कंपनीला भरपाई), नियामक मालमत्ता आकार (कंपनीची मागची राहिलेली वसुली) अशाही ओळी लागू असू शकतात.

म्हणून पद्धत अशी. दोन्ही कंपन्यांचं चालू दरपत्रक घ्या, दोन्हींच्या वेबसाईटवर असतं. तुमच्या बारा महिन्यांची युनिटं स्लॅबमध्ये टाका. एका रकान्यात सध्याच्या कंपनीचं सगळं, दुसऱ्यात नव्या कंपनीचा वीज आकार आणि स्थिर आकार पण जुन्या कंपनीचा वहन आकार. इंधन समायोजन आकार दोघांचाही मागच्या पाच-सहा महिन्यांचा सरासरी घ्या, एका महिन्याचा घेतला तर निष्कर्ष उलटा येऊ शकतो. वर १६ टक्के. वर्षाची बेरीज करा. फरक पाचशे-हजाराचा असेल तर विसरा, दर वर्षी दर बदलतात आणि पुढच्या एप्रिलला चित्र पालटू शकतं. कमी युनिटवाल्याला एक कंपनी स्वस्त आणि जास्त युनिटवाल्याला दुसरी असंही होतं, त्यामुळे शेजाऱ्याने बदलली म्हणून आपण बदलायची नाही. थकबाकी भरल्याशिवाय बदल होत नाही हे वेगळं सांगायला नको.

सोसायटीत राहता? तर कॉमन मीटरचा हिशोब आधी

बऱ्याच सोसायट्या "कॉमन मीटरवरून लाईन घ्या, युनिटला दहा रुपये द्या" असा तोडगा काढतात. भांडण टळतं म्हणून सगळे खूश. पण लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांचा कॉमन मीटरही घरगुती वर्गवारीतच असतो आणि मोठ्या सोसायटीत तो महिन्याच्या पहिल्या काही दिवसांतच ५०० पार करतो. म्हणजे गाडीचं प्रत्येक युनिट सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये, १७.८१ अधिक ड्यूटी, वीस रुपयांच्या वर. दहाने वसुली आणि विसाने बिल! वर्षभराने खजिनदाराच्या लक्षात येतं आणि एजीएमला जो तमाशा होतो तो सांगायलाच नको.

त्यापेक्षा तीन-चार गाड्या झाल्या की सोसायटीच्या नावाने एक ईव्ही जोडणी आणि प्रत्येकाला सबमीटर हा मार्ग स्वच्छ. किंवा प्रत्येकाचं वेगळं. नियमांत दोन्ही बसतं. कमिटीशी बोलताना तोंडी नको, लेखी अर्ज द्या, त्यात केबलचा मार्ग, चार्जरचा लोड आणि सुरक्षेची साधनं लिहा, आगीची भीती हाच त्यांचा मुख्य मुद्दा असतो आणि तो कागदावर उत्तर दिलं की निम्मा मावळतो.

सोलर असेल किंवा घ्यायचं असेल तर

पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तला ७८,००० अनुदान आहे, सोसायट्यांना कॉमन वापरासाठी, ज्यात ईव्ही चार्जिंगही धरलंय, किलोवॅटला १८,०००. १ किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिटं देतं, पावसाळ्यात बरंच कमी. तिसऱ्या घराने ३ किलोवॅट लावून महिन्याला ३५० युनिटं काढली तर ५१० चं बिल १६० वर येतं आणि ड्यूटीआधीच ४,९०० च्या आसपास वाचतात, कारण सोलर वरच्या स्लॅबपासून खाली खात येतं. पहिल्या घराला सोलर लावून काय मिळणार, सहा रुपयांची युनिटं वाचणार, त्यांना वसुलीला फार वर्षं लागतील.

पण इथे एक मेख आहे. नेट मीटर (सोलरची युनिटं तुमच्या वापरातून वजा करणारा) घरच्या जोडणीवर असतो, ईव्हीचं वेगळं मीटर घेतलंत तर छतावरची युनिटं तिकडे वळती होत नाहीत. म्हणून सोलर घ्यायचं पक्कं असेल तर गाडी घरच्याच मीटरवर ठेवा आणि सोलरचा आकार गाडी धरून ठरवा. वेगळं मीटर आणि सोलर हे दोन्ही एकाच वेळी करणाऱ्यांनी आधी हा हिशोब मांडावा, दोन्हीकडे खर्च करून फायदा एकाचाच मिळतो असं होऊ शकतं.

किरकोळ पण सुटू नये असं

कागदी बिल बंद करून गो-ग्रीन घेतलं तर बिलामागे १० रुपये, ऑनलाईन भरल्यास पाव टक्का, आणि बिल लवकर भरलं तर १ टक्का सूट, ती तारीख बिलावरच छापलेली असते. तिसऱ्या घराला या तिन्हींचे मिळून महिन्याला ९० च्या आसपास रुपये होतात, गाडी अर्धी दिवसा भरून मिळणाऱ्या टीओडीच्या ६४ रुपयांपेक्षा जास्त आणि त्यासाठी गाडी हलवायलाही लागत नाही.

गोव्यातल्यांसाठी: तिथे राज्याचं वीज खातं आणि संयुक्त नियामक आयोग, स्लॅब शंभर-शंभरच्या टप्प्याने चढतात आणि दर महाराष्ट्रापेक्षा बरेच कमी, त्यामुळे वेगळ्या ईव्ही मीटरचं गणित सहसा जुळत नाही, तरी सूत्र तेच वापरून बघा.

काहीही बदल केला, मग तो लोड असो, फेज असो, कंपनी असो की ईव्ही जोडणी, पुढची दोन बिलं हातात धरून तपासा. दर संकेत बरोबर आहे का, ईव्ही मीटरला चुकून व्यावसायिक दर तर लागला नाही ना (कारण पार्किंगमधलं नवीन मीटर म्हणजे दुकान असं समजून वर्गवारी टाकली जाऊ शकते), स्मार्ट मीटर असेल तर टीओडीची ओळ आणि सवलत दिसते का, मंजूर भार तुम्ही मागितला तेवढाच आहे का. चूक दिसली तर आधी उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज आणि पोच, तिथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूर दोन्हीकडे आहेत. मंचात वकील लागत नाही, बारा महिन्यांची बिलं आणि तुमचा तो कागदावरचा गुणाकार नेलात तरी पुरतं.